पहिल्या अंगठ्याची चिठ्ठी हातात घ्या, मगच दुसरा लावा

23,000 रुपये. माझ्याच अंगठ्यानं गेले, माझ्याच डोळ्यांसमोर.

कापसाचा चुकारा खात्यात आला होता, शिल्लक 48,260. बँकेची शाखा 14 किलोमीटरवर, म्हणून गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातून, आधारच्या अंगठ्यावर काढायचो. पोरगा गावातलाच, काका म्हणतो. पहिल्या खेपेला 3,000 मागितले. "काका, अंगठा येऊन नाही राहिला, पुन्हा लावा." लावला. कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजतात, रेशन दुकानातही चार-चारदा लावावा लागतो. शंका काहून येईल? पहिल्या अंगठ्यावर त्यानं 6,500 काढले, दुसऱ्यावर माझे 3,000. पुढच्या खेपेला 8,000, तिसऱ्या खेपेला 8,500.

ती तिसरी खेप अजून सलते. अंगठा 'फेल' झाला म्हणाला आणि मशीनमधून निघालेला कागद चुरगाळून खिशात घातला. फेलचीही चिठ्ठी निघते, हे मला ठाऊक होतं. पण खिशात? कचऱ्याचा डबा त्याच्या पायाशी होता! मग माझे 1,500 दिले. पावती मागितली तर "रोल संपला". आत्ताच तर निघाला होता कागद. मी बोललो नाही. मागे चार बाया उभ्या होत्या, त्यांच्यासमोर पोराला चोर कसं म्हणायचं?

मेसेज यायला हवा होता म्हणाल. खात्याला जनधनच्या वेळचा, 2014 चा नंबर. तो कधीच बंद पडला. तुमचा आजच तपासा.

दीड महिन्यानं पासबुक भरलं तेव्हा कळलं. शाखेतले साहेब म्हणतात, "अंगठा तुमचाच ना?" अहो, तो पोरगा तुम्हीच नेमलेला! असा नेमलेला माणूस म्हणजे बँक मित्र, त्याच्या करणीला बँक जबाबदार, हे रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. ठाण्यात म्हणाले, स्टेटमेंट आणा. शाखेत प्रिंटर बंद. दोन दिवसांनी स्टेटमेंट नेलं, तर म्हणाले, यवतमाळच्या सायबर पोलिसांकडे जा. तिथे विचारलं, सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर लगेच फोन का नाही केला? लगेच म्हणजे कधी, मला कळल्याशिवाय? पाच चकरा, 1,140 रुपये भाड्यात, आणि वावरातली वेचणी तशीच पडून.

लेखी तक्रारीच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे तारीख दाखवावी लागते. आधारच्या मोबाइल ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लॉक करून ठेवा. पोरांना सांगा, पण केंद्रवाल्याकडून करून घेऊ नका.

केंद्र चालूच आहे. परवा पीएम किसानचे 2,000 आले, ते ऑटोला 80 रुपये देऊन शाखेतून आणले. परतताना तो रस्त्यात भेटला. "राम राम काका." सवयीनं माझ्याही तोंडून राम राम निघाला.