जांभळी नाक्याचं फुलांचं दुकान: खरी फुलं पास, माळा अठरा फूट कमी

लेकीच्या लेकीचं बारसं आमच्याकडे होतं, ठाण्यात खोपटला, चौथ्या मजल्यावर. माणसं ४०. हॉलवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून आमच्या हिने पाळणा घरातच बांधायचं ठरवलं आणि सजावट माझ्या गळ्यात पडली. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला ३१ वर्षं काढली. फुलांतलं मला कळत नाही, मापातलं कळतं.

दुकान जांभळी नाक्याच्या बाजारात, आतल्या गल्लीत. नाव देत नाही, कारण तक्रार आहे आणि माणूस वाईट नाही. पुढे फळीवर ताजी फुलं, मागे शिडी चढून पोटमाळ्यावर कापडी आणि प्लास्टिकची. मोठा फायदा हा की खरा निशिगंध हातात घेऊन वर जाता येतं आणि नकलीचा पांढरा त्याला जुळतो का ते तिथेच बघता येतं. बहुतेक नकली पांढरा निळसर मारतो. मोतिया रंगाचा मागा.

पहिली चूक माझीच. भाव काढायला गेलो तो मार्गशीर्षातला बुधवार, तोही संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीचा गुरुवार. शेवंती, वेण्या, सगळंच चढलेलं, गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. शनिवारी सकाळी सातला परत गेलो तर तोच झेंडू निम्म्या भावात आणि मालकांना बोलायलाही वेळ.

"काका, कुठे काय लावणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खिशातून आमच्या घरच्या हॉलचा नकाशा काढला, मापांसकट. हसले, पण नीट बघितला. पाळण्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे नकली नको. आत तार असते, टोक बाहेर येतं. बायका कुर्र करायला वाकणार, कोणाच्या तरी गालाला लागायचं." पाळण्याला खरा निशिगंध आणि गुलाब, दाराला झेंडू आणि आंब्याचे टाळे, छताला आणि बाल्कनीच्या ग्रिलला कृत्रिम, असं ठरलं. छताला खरी लावली असती तर जेवणाऱ्यांच्या ताटात पाकळ्या पडल्या असत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जास्त विकायचा मोह धरला असता तर माझ्यासारख्या अडाण्याला त्यांनी सहज फुलांत बुडवला असता.

खरी फुलं २,१५० रुपयांची, माळा गुंफायच्या मजुरीसकट. कृत्रिम २,६४०. खऱ्यांत जरबेराच्या तीन गड्ड्या, म्हणजे ३० फुलं. त्याचा दांडा आतून पोकळ, म्हणून भांड्यात दोनच इंच पाणी ठेवायचं, दांडा तिरका कापायचा आणि पाणी रोज बदलायचं, असं मालकांनी बजावलं. आमच्या हिचा विश्वास बसेना, फुलं म्हटल्यावर बादलीभर पाणी हवंच. मी स्टीलची पट्टी लावून दोन इंच भरलं. ३० पैकी २६ बुधवारपर्यंत ताठ उभी होती. पुढे बसून माळा गुंफणाऱ्या मावशींनी तेवढ्यात सांगितलं की झेंडूवर पाणी मारू नका, काळा पडतो, कागदावर पसरून पंख्याखाली ठेवा. तसंच केलं, रविवारी सकाळी तोरण करताना एक फूल फेकावं लागलं नाही. निशिगंधाचं वेगळं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्याचा वास खरा उठला, तेव्हा घरात आम्ही तिघं आणि पाळण्यात ती.

कार्नेशनचं मात्र बिनसलं. ४० फुलं घेतली होती, गुलाबी. शनिवारी रात्री मागच्या खोलीत ठेवली, सकाळी बघतो तर पाकळ्या आत मिटून फुलं झोपलेली. तावातावाने मालकांना फोन लावला. शांतपणे विचारलं, "काका, शेजारी केळी होती का?" होती. ओटीसाठी आणलेला पिकलेला घड त्याच टेबलावर. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. केळी पिकवणारे तोच वायू वापरतात, हे मला माहीत होतं. फुलांशी त्याचा संबंध लावायला फुलवाला लागला. सहाशे रुपये माझ्या खात्यावर, दुकानाच्या नाही.

आता तक्रार. छतासाठी कृत्रिम माळा "पाच फुटी" म्हणून २४ घेतल्या. नकाशा पाचाच्या हिशोबाने, छताला हुक त्याच अंतरावर ठोकलेले. लावायला घेतल्या तर झोळ पडायच्या जागी माळ ताणून तारेसारखी. टेप लावला. चार फूट तीन इंच. सगळ्या. माळेला नऊ इंच, चोवीस माळांना अठरा फूट! मंगळवारी दुकानात जाऊन टेप फळीवरच ठेवला. "कंपनीच पाच सांगते काका, आम्ही मोजत नाही." मग मोजा की. दोन माळा तिथल्या तिथे काढून दिल्या, बाकी दोन माल आल्यावर देतो म्हणाले.

दुसरी गोष्ट, लाल वेलीचा रंग जातो. ग्रिलवरची वेल धूळ बसली म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवली तर पांढरी बादली गुलाबी झाली. विकत घेतानाच ओला रुमाल पाकळीवर दाबून बघा, रुमालाला रंग लागला तर ती वेल नको. धूळ काढायला पाण्यापेक्षा रंगाचा एक इंची कोरडा ब्रश बरा. आणि समईजवळ ही फुलं टांगू नका, कापडी दिसली तरी बहुतेक पॉलिस्टर असतं, वितळून चिकटतं. मी दोन हात लांब ठेवली होती, तरी काकूंनी समई उचलून माळेखाली नेलीच.

खऱ्या फुलांना आणि सल्ल्याला पाचपैकी साडेचार. पोटमाळ्याला दोन. गाडी घेऊन जाऊ नका, तलावपाळीपासून चालत जा, पिशवी कापडाची आणि मोठी न्या.

दोन माळा अजून यायच्या आहेत. पाडव्याला तोरणाचा झेंडू आणायला जाईन, तेव्हा टेप खिशात असेलच.