फॉगर, आठ महिने वापरून: धुकं भरपूर, कासव कोरडंच

मागच्या गुरुवारी आमच्या कासवाच्या पेटीत धुकं सोडणारा फॉगर बंद पडला. दिवा लागतो, पंखा फिरतो, धुकं शून्य. दुकानाला मेल टाकली तर उत्तर आलं, "धुकं तयार करणाऱ्या चकतीवर क्षार साचलेत, तुम्ही नळाचं पाणी वापरलंत, वॉरंटी मिळणार नाही." आम्ही राहतो इंग्लंडात रेडिंगला. इथलं पाणी चुनखडीतून येतं, किटलीला दर महिन्याला व्हिनेगर पाजावं लागतं. मग खोक्यावर ठळक अक्षरात लिहायला काय झालं होतं? सेहेचाळीस पाउंड मोजलेत.

लेकीच्या हट्टापायी हर्मन जातीच्या, जमिनीवर राहणाऱ्या कासवाचं पिल्लू आणलं, नाव वाटाणा. आणलं तेव्हा ३८ ग्रॅम, लहानसं लिंबू. (तिकडे भारतात कोणी हे वाचून स्टार कासव घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.) पिल्लू कोरड्या हवेत वाढलं तर पाठीवर टेंगळं येतात, म्हणून फॉगर. यात तथ्य आहे. २००३ साली ऑस्ट्रियात आफ्रिकी सुलकाटा पिल्लांवर प्रयोग झाला, त्यात टेंगळांना खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा कोरडी हवाच जास्त कारणीभूत निघाली.

पहिले दोन महिने मीच या मशीनची जाहिरात करत फिरत होते. बटण दाबलं की पेटीत पावसाळ्यातली आंबोली.

मग पांढरी पावडर सुरू झाली. काचेवर, टीव्हीवर, देव्हाऱ्यातल्या पितळी कासवावर आणि खऱ्या कासवावरही. सकाळी पुसा, संध्याकाळी परत थर. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणायला लागले, आठवड्याला पाच लिटरचा कॅन. म्हणजे कासव पिणार नळाचं आणि मशीन पिणार विकतचं! या पावडरीपायी मी नवऱ्याशी जितकी भांडले तितकी लग्नाच्या खर्चावरूनही भांडले नव्हते.

खरी चूक मात्र माझी. धुकं आहे ना, मग आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे, असं मी धरून चालले. चौथ्या महिन्यात त्याच्या लघवीतून येणारा पांढरा भाग, जो एरवी टूथपेस्टसारखा मऊ असतो, तो रांगोळीसारखा खरखरीत यायला लागला. बोटांत चोळून पाहिला, कचकच लागली. व्हेटने पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात रोज बसवता का?" पाणी कमी पडलं की तो भाग घट्ट होतो आणि पुढे मूत्राशयात खडाही होऊ शकतो. पिल्लं मोठ्या कासवांपेक्षा लवकर सुकतात.

घरी येऊन पेटीतलं काट्याचं आर्द्रतामापक काढलं. आठ आठवडे ६५ टक्के दाखवत होतं. रेडिएटरवर ठेवलं, तरी ६५! नऊ पाउंडांचं डिजिटल आणलं, तर पेटी गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली ३१. धुकं डोळ्यांना दिसत होतं तेवढंच, दिवा ते लगेच खाऊन टाकत होता.

आता रोज सकाळी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कोमट पाणी, पाठ आणि पोटाची कवचं जुळतात तिथपर्यंत, वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं डबा खरडत पळापळ. मग एकदम शांत होतो, मान लांब करून तोंड पाण्यात बुडवतो आणि गळा धाप टाकल्यासारखा वरखाली हलायला लागतो. हे बघण्यात माझा चहा रोज गार होतो. पेटीत माती आणि कोकोपीट, कोपऱ्यांत पाणी ओतलं की खालचा थर ओला राहतो, वर कोरडं. पाणी प्यायला कुंडीखालची मातीची ताटली, दीड पाउंड. दुकानातलं खडकासारखं दिसणारं भांडं घेऊ नका, त्याच्या उभ्या काठावरून वाटाणा दोनदा उताणा पडला.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, कासवाला पाणी कमी कसं पडेल? विहिरीत सोडतात त्यांना." आपल्याकडे विहिरीतलंही कासव आणि हेही कासव, तिची काय चूक? पण हे जमिनीवरचं. याला पोहता येत नाही, खोल पाण्यात बुडून मरेल.

अपडेट: इथवर लिहून झालं आणि नवऱ्याने सायट्रिक ॲसिडने चकती घासली. मशीन सुरू! म्हणजे मेलं नव्हतं, दुकानाने मेलेलं ठरवलं होतं. म्हणून या मशीनला देणार होते त्या एका ताऱ्याचे दोन करते. तिसरा नाही, कारण पेटीत ते परत जाणार नाही. रात्री दिवा बंद झाला की पेटी गार होते, आणि गार ओलाव्यात कासवांची छाती भरते हे व्हेटने बजावलंय.

रविवारी किचनच्या काट्यावर वाटाणा ६१ ग्रॅम भरला. फॉगर बाथरूममधल्या नेच्याला दिलाय. तिथल्या आरशावर कालपासून पावडर दिसायला लागली आहे.