बाँडपटात पाहावं की बाहेर?

१९६२च्या ‘डॉ. नो’पासून २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत मुख्य मालिकेतले बाँडपट झाले २५. ज्याला बाँडपेक्षा त्याच्यामागची माणसं पाहायची आहेत, त्याने ते सगळे पाहायची गरज नाही. केन अ‍ॅडमचे सेट, जॉन बॅरीचं संगीत, रॉजर डीकिन्सचा कॅमेरा, पडद्यावरचा पहिला बाँड शॉन कॉनरी याचा अभिनय. यांचं अव्वल काम या मालिकेत आहे की तिच्याबाहेर? उत्तर माणसागणिक बदलतं. पुरस्कारांची यादी पाहून ठरवायला गेलात तर मात्र हमखास फसाल.

केन अ‍ॅडमचंच घ्या. या कलादिग्दर्शकाने सात बाँडपट केले, पण त्याची दोन्ही ऑस्कर बाहेरची: ‘बॅरी लिंडन’ (१९७५) आणि ‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’ (१९९४). ‘बॅरी लिंडन’ देखणा आहे यात वाद नाही. पण त्यातलं बरंचसं चित्रण खऱ्याखुऱ्या जुन्या वास्तूंमध्ये झालेलं, आणि अ‍ॅडमची खरी ताकद नसलेली जागा उभी करण्यात. ‘डॉ. नो’मधली ती खोली पाहा. जवळपास रिकामी, छत तिरकं, छताला जाळीचा मोठा गोल झरोका, त्याची सावली खाली पसरलेली आणि एक खुर्ची. खलनायक दिसत नाही, नुसता आवाज येतो, तरी समोरच्या माणसाचं भेदरणं ती खोलीच दाखवून देते. पाच वर्षांनी ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी त्याने पाइनवूड स्टुडिओच्या आवारात ज्वालामुखीचं अख्खं पोट बांधलं. आत मोनोरेल, हेलिकॉप्टर उतरायची जागा, वर सरकणारं झाकण. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या ‘डॉ. नो’एवढा! बाहेरचं त्याचं एकच काम मी याच्या बरोबरीला ठेवीन: स्टॅनली कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मधली (१९६४) वॉर रूम. (याच कुब्रिकने पुढे १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधल्या अवाढव्य टँकरच्या सेटवर गुपचूप येऊन प्रकाशयोजनेचा सल्ला दिला होता.) अ‍ॅडमसाठी बाँडपटच पाहा.

जॉन बॅरीच्या बाबतीत निवड अवघड आहे. ११ बाँडपटांचं संगीत, पाच ऑस्कर, आणि त्यातलं एकही बाँडसाठी नाही. साधं नामांकनसुद्धा नाही. बाँडची ती प्रसिद्ध धून मूळ माँटी नॉर्मनची, व्ही. एस. नायपॉल यांच्या कादंबरीवरच्या, बाजूला पडलेल्या संगीतिकेतून आलेली. तिला आज ओळखतो तो थाट दिला बॅरीने. ‘गोल्डफिंगर’मधले पितळी वाद्यांचे फटकारे ऐका आणि मग ‘आउट ऑफ आफ्रिका’मधलं (१९८५) व्हायोलिनांचं संथ पसरणं ऐका. दोन वेगळे संगीतकार वाटतील. पण ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’च्या शीर्षकगीताच्या सुरुवातीला व्हायोलिनं वरून खाली उतरत येतात, तिथे तो आफ्रिकेवाला बॅरी आधीच हजर आहे. माझा कौल बाँडकडे झुकतो, कारण बाहेर त्याने भावना सुंदर केली, इथे त्याने एक संपूर्ण शैली घडवली, जिची छाप पुढच्या कितीतरी हेरपटांच्या संगीतावर आहे.

डीकिन्सचं उलट. ‘स्कायफॉल’मधली (२०१२) शांघायची मारामारी, काचेच्या इमारतीत दोन काळ्या आकृत्या आणि मागे निऑनचा तरंगता प्रकाश, पुन्हा पुन्हा पाहावी अशीच आहे. पण त्याच दिग्दर्शकाचा, सॅम मेंडिसचाच, ‘१९१७’ (२०१९) लावा. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावावर रात्री फ्लेअर (उजेडासाठी आकाशात सोडलेले पेटते गोळे) चढतात, उतरतात आणि पडक्या भिंतींच्या सावल्या चालू लागतात. शांघायचा प्रकाश आपण थक्क होऊन पाहतो. इथे त्याच प्रकाशाची भीती वाटते. म्हणून डीकिन्स बाहेर. आणि यातलं काहीही कृपया मोबाइलवर पाहू नका.

कॉनरीसाठी तर बाहेरच जा. ‘गोल्डफिंगर’नंतर लगेच केलेला सिडनी ल्युमेटचा ‘द हिल’ (१९६५), उत्तर आफ्रिकेतल्या लष्करी तुरुंगाची गोष्ट, पाहिला की हा माणूस किती काय दाबून ठेवत होता ते कळतं. ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५) त्याहून मोकळा, शिवाय त्यात आपले सईद जाफरी आहेत. पण माझी निवड ल्युमेटचाच ‘द ऑफेन्स’ (१९७३). ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’साठी परत यायचं कबूल करताना कॉनरीने स्टुडिओकडून आपल्या आवडीच्या चित्रपटांना पाठबळ मागून घेतलं, त्यातून हा झाला. चौकशीच्या खोलीत हळूहळू कोसळणारा पोलिस अधिकारी त्याने जसा उभा केलाय, तसं काही त्याला बाँड म्हणून कधी करायलाच मिळालं नाही.

पुढे बाँड झालेला डॅनियल क्रेग मात्र ‘कसिनो रॉयाल’ या बाँडपटामध्येच (२००६) पाहावा. ‘ऑक्टोपसी’ (१९८३) उदयपूरसाठी पाहा हवं तर. त्यात असलेल्या कबीर बेदी यांच्यासाठी मात्र इटलीची ‘सांदोकान’ ही मालिका बरी.

स्टंटवाल्यांना बाहेर शोधायला जाऊच नका. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’च्या सुरुवातीला रिक सिल्व्हेस्टरने कॅनडातल्या माउंट अ‍ॅसगार्डच्या कड्यावरून स्कीसकट घेतलेली उडी हे त्या माणसाचं सर्वोत्तम काम, आणि ते बाँडपटातच आहे.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर १९६९चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ निवडा. नायक जॉर्ज लाझनबी नवखा होता आणि ते दिसतं. पण आधीच्या बाँडपटांचा संकलक पीटर हंट इथे पहिल्यांदाच दिग्दर्शक झाला, बॅरी पूर्ण बहरात आहे, आणि हवाई चित्रण जॉनी जॉर्डनचं आहे. आधीच्या बाँडपटाच्या हवाई चित्रणात अपघात होऊन त्याला पाऊल गमवावं लागलं होतं. तरी या वेळी तो हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या सांगाड्यात बसून आल्प्सवर चित्रण करत होता. बर्फावरचे पाठलाग वरून दिसू लागतील, तेव्हा कॅमेऱ्यामागे तो आहे एवढं लक्षात असू द्या.