योस्टचा हिरवा दिवा आणि मराठी वाक्यांचे दुवे

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर लिहिणाऱ्यांना योस्ट एसईओ हे प्लगइन, म्हणजे तिला जोडायचं पूरक साधन, नवं नाही. त्याच्या मोफत आवृत्तीतही वाचनीयतेची तपासणी आहे. त्यात एक निकष दुवा साधणाऱ्या शब्दांचा आहे: म्हणून, परंतु, उदाहरणार्थ असे, पुढे काय येतंय याची वाचकाला खूण देणारे शब्द. किमान 30 टक्के वाक्यांत असा शब्द सापडला की हिरवा दिवा, 20 ते 30च्या मध्ये नारिंगी, त्याखाली लाल. एका वाक्यात तीन शब्द आले तरी ते एकदाच मोजलं जातं.

इंग्रजी मजकुरासाठी हे उपयोगी आहे. लाल दिवा लागला तर बहुधा विधानं सुटी सुटी पडलेली असतात. मात्र प्लगइन यादीतला शब्द शोधतं, अर्थ नव्हे. ‘देअरफोर’च्या (म्हणून) जागी ‘हाउएव्हर’ (मात्र) लिहिलं तरी दिवा हिरवाच राहतो.

मराठीसाठी हा निकषच नाही. साइटची भाषा मराठी ठेवली तर फक्त वाक्य-परिच्छेदांची लांबी वगैरे तपासली जाते. भाषा इंग्रजीच राहिली असेल तर मराठी लेखात इंग्रजी शब्द शोधले जातात आणि नेटका लेखही लाल ठरतो. म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं जनरल हे पान आधी बघा.

नुसती मराठी यादी भरूनही काम भागणार नाही. ‘शिक्षक म्हणून’ यातलं ‘म्हणून’ कार्यकारण सांगत नाही. ‘कारण कळलं नाही’ यात ‘कारण’ नाम आहे. ‘मी तर निघालो’ यातला ‘तर’ केवळ जोर देतो. उलट ‘पाऊस लांबल्यामुळे पेरणी खोळंबली’, ‘पैसे भरूनही पावती आली नाही’ यांत दुवा क्रियापदालाच चिकटलेला आहे. सुटा शब्द शोधणाऱ्याला तो दिसतच नाही.

मराठीत ही तपासणी हातानंच करावी लागते. प्रत्येक वाक्याचं आधीच्या वाक्याशी नातं काय, ते पानाच्या समासात लिहा: कारण, विरोध, उदाहरण, क्रम. नातं सापडलं नाही तर वाक्याची जागा चुकली आहे. तिथे ‘तसेच’ लावून उपयोग नाही. विरोध असेल तर खूण हवीच, नाहीतर वाचक आधीच्याच दिशेनं वाचत जातो आणि त्याला मागे फिरावं लागतं. क्रम घटनांतूनच कळत असेल तर ‘त्यानंतर’ गाळा. आणि ‘मात्र’ ज्याचं वेगळेपण दाखवायचं त्याच्या लगेच नंतर ठेवा: ‘पुण्यात पाऊस झाला, सोलापुरात मात्र ऊन होतं.’