लेहमन्स, किडरॉन (ओहायो): खेड्यात राहायला येताय तर आधी इथे जा

ओहायोतल्या होम्स काउंटीत किंवा तिच्या वर लागून असलेल्या वेन काउंटीत राहायला येणार असाल, भाड्याने का होईना, तर सोफा-पलंग बघायच्या आधी किडरॉन गावच्या लेहमन्स या हार्डवेअरच्या दुकानात एक चक्कर मारा. वूस्टरला शेफलर या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा प्लांट आहे आणि शेफलरचं भारतातलं हेडऑफिस पुण्यात, त्यामुळे पुण्याहून या बाजूला बदलून येणारी घरं असतात, आम्ही पण नवऱ्याच्या नोकरीमुळेच आलो, आणि शहरात अपार्टमेंट घेण्यापेक्षा बाहेर शेताकडेचं घर घेऊ म्हणून होम्सच्या उत्तर टोकाला आलो. त्या निर्णयाबद्दल मी खूश आहे. पण इथलं घर कसं चालतं हे कोणी आधी सांगत नाही, ते मला या दुकानात कळलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी दुकानाबद्दल. १९५५ साली जे लेहमन यांनी गावातलं हार्डवेअरचं दुकान घेऊन हे सुरू केलं, गिऱ्हाईक कोण तर आजूबाजूचे अमिश शेतकरी, म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, ज्यांच्या घरात आजही वायरची वीज नाही. त्यांना कंदील, लाकडावरच्या शेगड्या, हाताने चालणारी यंत्रं लागायची आणि बाकी कंपन्या त्या वस्तू बनवणं बंद करत चालल्या होत्या, तर या माणसाने त्या शोधून शोधून आणून ठेवल्या. पुढे सत्तरच्या दशकात तेलाची टंचाई आली तेव्हा बाहेरचे लोक यायला लागले, मग १९९९ मध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीने तर झुंबड उडाली. आता ते लांबलचक पसरलेलं आहे, जुनी कोठारं एकमेकांना जोडून केलेलं, आत लाकडी तुळया तशाच ठेवल्यात. पर्यटक भरपूर येतात, फोटो काढतात, फज घेतात आणि जातात. तुम्ही तसे जाऊ नका.

का ते सांगते. इथे गावाबाहेरच्या घरांना नगरपालिकेचं पाणी नसतं. प्रत्येकाची स्वतःची बोअर, आत पाण्यात बुडवलेला पंप, तो विजेवर. सांडपाण्याची टाकी अंगणात पुरलेली. हीटिंगची भट्टी गॅसवर असली तरी तिचा पंखा विजेवर, म्हणजे लाइट गेले की दिवे जातात, पाणी जातं आणि हिवाळा असेल तर ऊबही जाते, तिन्ही एकदम. शहरातल्यासारखं नळ उघडला की पाणी आलं असं नाही. २०२२ च्या जूनमध्ये जे मोठं वादळ आलं, डेरेचो म्हणतात त्याला, सरळ रेषेत पुढे सरकणारा भयानक वारा, त्याने मोहिकनच्या जंगलातली झाडं आडवी केली आणि आमच्या सगळ्या पट्ट्यात खांब पडले. बऱ्याच घरांना कितीतरी दिवस वीज नव्हती आणि वर कडक उन्हाळ्याची लाट. आमच्याकडे बाटलीबंद पाणी होतं पण ते प्यायला, बाकी टॉयलेट, भांडी, अंघोळ या सगळ्याचं काय करणार.

शेजारचं घर अमिश. त्यांचा नळ चालू होता! मला खरंच वाटेना. त्यांच्याकडे डिझेल इंजिन हवा दाबून टाकीत भरतं आणि त्या हवेच्या दाबावर विहिरीतलं पाणी वर येतं, कपडे धुवायचं मशीनही त्यावरच चालतं, खांब पडले काय आणि राहिले काय त्यांना फरकच नाही. शेजारणीने स्वतःहून मुलाला पाठवलं, घोड्याच्या छोट्या गाडीवर दुधाचे कॅन ठेवून, पाणी भरून. संध्याकाळी परत. पैसे विचारले तर तिला ते विचित्र वाटलं, मग मी पोळ्या करून दिल्या, त्या मुलांनी नुसत्या खाल्ल्या. तेव्हापासून येणंजाणं आहे.

तर वीज आल्यावर पहिल्याच शनिवारी मी लेहमन्सला गेले, विहिरीत सोडायची बादली घ्यायला. ती पत्र्याची, नळकांड्यासारखी लांब आणि अरुंद असते, खाली झडप, दोरीने बोअरमध्ये सोडायची, पाण्याला टेकली की झडप उघडते, भरली की वर ओढताना पाण्याच्या वजनानेच बंद होते, आणि वरची कडी ओढली की खालून पाणी सुटतं. बघताक्षणी आवडली मला. मी कार्टमध्ये टाकली तेवढ्यात तिथल्या वयस्कर काकांनी विचारलं, तुमच्या बोअरचा पाइप किती इंचाचा आहे? आत पंप आहे का? मी म्हटलं सहा इंच, पंप आहे. ते म्हणाले मग ही नेऊ नका, पंपाचा पाइप आणि वायर आतच लटकतेय, बादली त्यात अडकेल, ओढाल तर वायर तुटेल आणि पंप काढायला माणूस बोलवावा लागेल. ज्यांच्या बोअरमध्ये काहीच नाही त्यांच्यासाठी आहे ती. मग त्यांनी मला तोटीवाले मोठे पाण्याचे डबे दाखवले, वादळाचा इशारा आला की भरून ठेवा म्हणाले, आणि पुढेमागे पंपासोबत बसणारा हातपंप हवा असेल तर बोअरची खोली आणि पाण्याची पातळी मोजून या, मग बोलू. म्हणजे महागडी वस्तू परत ठेवायला लावून स्वस्त वस्तू दिली. या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला पाच स्टार देईन.

मग दिवा घेतला, अलादीन. आपल्याकडच्या साध्या कंदिलापेक्षा खूप वेगळा प्रकार आहे, वात गोल असते आणि तिच्यावर जाळीची मँटल, पेट्रोमॅक्ससारखं पंप मारायला लागत नाही, आवाजही नाही, उजेड साधारण ६० वॉटच्या बल्बएवढा पांढरा, आरामात वाचता येतं. पण त्याचे नखरे समजून घ्या. पेटवल्यावर लगेच वात वर करू नका, आधी बारीक ठेवा, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग हळूहळू वाढवा. घाई केली की मँटलवर काळा डाग पडतो आणि बघता बघता पसरतो, घाबरायचं नाही, वात खाली करायची, काजळी आपोआप जळून जाते. एकदा पेटवलेली मँटल म्हणजे राखेचीच जाळी असते, बोट लागलं तरी गेली. वरून इतकी गरम हवा निघते की शेल्फखाली अजिबात ठेवू नका. आणि खिडकी थोडी उघडी हवी.

आता माझ्या मते या दुकानाची खरी किंमत कशात आहे, तर सुट्या भागांत. मँटल, वाती, काचेच्या चिमण्या, शेगडीच्या दाराच्या दोऱ्या, पंपाचे चामड्याचे वायसर, गिरणीची पाती, प्रेशर कॅनरची (बरण्या हवाबंद करायच्या मोठ्या कुकरची) रिंग, सगळं मिळतं. ऑनलाइन जुन्या पद्धतीचे शोभेचे दिवे ढिगाने मिळतात पण काच फुटली की फेकून द्या. इथे असं करून चालत नाही कारण विकत घेणाऱ्यांत रोज वापरणारे लोक आहेत, एखादी अमिश बाई काचेची चिमणी उन्हात धरून तडा बघत असते, तिला तोच दिवा उद्या पण लावायचाय. तिच्यासारखं गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान सरळ आहे असं मला वाटतं. पर्यटक वाढून हे लोक यायचे बंद झाले तर मग काही उरणार नाही.

बाकी काय घेतलं ते पटकन सांगते. हाताने फिरवायची गव्हाची गिरणी: चांगली, लोखंडी, टेबलाला बोल्टने बसवायची, पण किंमत पाचशे डॉलरच्या पुढे जाते. इथल्या अमिश किराणा दुकानांत, सुटं धान्य विकणाऱ्या, अख्ख्या पांढऱ्या गव्हाची ५० पाउंडाची गोणी मिळते, त्याच्या पिठाच्या पोळ्या फार सुंदर होतात, पाकिटातल्या आट्याला ती चव नाही. मात्र बारीक पीठ हवं तर दोनदा दळावं लागतं आणि हात भरून येतात, रोज चार जणांच्या पोळ्या करायच्या असतील तर विजेची घ्या. इंडियन ग्रोसरी म्हणजे ॲक्रन किंवा क्लीव्हलँडकडे, जाऊन येऊन अर्धा दिवस, म्हणून मला तरी गिरणी परवडली. बरण्या: ओहायोतच झेन्सव्हिलला बनतात, जाड, आतून-बाहेरून चकचकीत, लिंबाचं लोणचं वर्षभर छान राहिलं. लोणी काढायचं काचेचं यंत्र: सुंदर दिसतं, घेऊ नका, आपल्या घरातली रवी तेवढंच काम करते आणि धुवायला सोपी.

दुकानाबाहेर घोडे बांधायची दांडी आहे, तिथे बग्ग्या उभ्या असतात आणि हल्ली बाजूला ई-बाईकही. अमिश आणि ई-बाईक? मलाही प्रश्न पडला होता. शेजारीण म्हणाली की काय चालेल काय नाही हे प्रत्येक मंडळीचं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या गटाचं, वेगळं, एकेका मंडळीत पंचवीस ते चाळीस घरं, त्यांनी बसून ठरवायचं. कोणाकडे गॅसवरचा फ्रिज चालतो, कोणाकडे नाही. फोन असला तरी घरात नाही, रस्त्याकडेच्या खोक्यात, दोन-तीन घरांत मिळून. वस्तू नवीन आहे की जुनी हे ते बघत नाहीत, ती आली तर माणसं एकमेकांकडे जायची थांबतील का, हे बघतात. मला हे पटतं. सगळं नाही पटत, मुलींचं शिक्षण आठवीला थांबतं त्याचा मला त्रास होतो, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये त्यांना तशी सूट दिली आहे आणि शेजारच्या मोठ्या मुलीची गणिताची हुशारी बघते तेव्हा गप्प बसणं अवघड जातं.

होम्स काउंटीची लोकसंख्या ४४ हजारांच्या आसपास, जवळपास निम्मी अमिश. सरकारी तक्ते बघाल तर घाबराल, बारावी न झालेले भरपूर, हेल्थ इन्शुरन्स नसलेले भरपूर. पण त्याच वेळी ओहायोत सगळ्यात कमी बेरोजगारी असणाऱ्या काउंट्यांत हिचं नाव असतं, घराघरात फर्निचरची वर्कशॉप आहेत, आणि इन्शुरन्स नाही याचं कारण ते घेतच नाहीत, हॉस्पिटलचं बिल मंडळी मिळून भरते.

ते कसं भरतात हे लेहमन्सच्या दाराजवळ पत्रकं लावलेली असतात त्यातून मला कळलं. अमुक कुटुंबाच्या बिलासाठी हेस्टॅक जेवण, अमुक तारखेला, अमुक कोठारात, देणगी ऐच्छिक. आम्ही गेलो. लांब टेबल, ताट घेऊन सरकत जायचं, आधी चुरलेली बिस्किटं, त्यावर भात, मग बीफचा खिमा (आम्ही सोडला, कोणी काही म्हटलं नाही), लेट्युस, टोमॅटो, कांदा, आणि शेवटी वरून गरम पातळ चीज, डोंगर होतो ताटात. वाढायला दहा-बारा वर्षांची मुलं, पैशाची पेटी कोपऱ्यात, कोण किती टाकतं तिकडे कोणाचं लक्ष नाही. आमच्या टेबलावर गावच्या फायर डिपार्टमेंटचे दोघे होते, ते पण स्वयंसेवकच, पगार नाही, एक अमिश, तो बंब चालवत नाही पण पाइप धरतो. असं जेवण मला इकडच्या कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये मिळालं नाही. नव्याने आलेल्या मराठी घरांना माझं हेच सांगणं, क्लीव्हलँडकडच्या गणपतीला जरूर जा पण ही पत्रकं वाचायची सवय लावा, नाहीतर वर्षभर शेजाऱ्यांना नुसता हात हलवत राहाल.

तक्रारी आहेत. किमती जास्त, विशेषतः टोपल्या, साबण, खेळणी, ते सगळं जवळपासच्या अमिश घरांतून थेट घेतलं तर स्वस्त पडतं. पुढच्या भागात पर्यटकांसाठीच्या वस्तू एवढ्या वाढल्यात की पंप आणि शेगड्या शोधत मागे जावं लागतं. माहितगार माणसं मोजकीच, गर्दीत त्यांना गाठणं कठीण, ऑक्टोबरात झाडांचे रंग बघायला लोक येतात तेव्हा शनिवारी तर जाऊच नका. रविवारी बंद, अख्खा परिसरच बंद असतो.

गुरुवारी जमलं तर बघा, त्या दिवशी किडरॉनला गुरांचा लिलाव असतो, १९२३ पासूनचा, पार्किंग मिळायला त्रास होतो पण दोन्ही एकाच फेरीत होतं. येताना गाडी सावकाश चालवा, चढ संपला की पुढे बग्गी असू शकते, २०२२ च्या कायद्याने बग्गीला लुकलुकता पिवळा दिवा लावायचाय तरी सगळे लावतातच असं नाही. बोअरचा पाइप किती इंची, खोली किती, पंप कुठला, हे घरमालकाला विचारून कागदावर लिहून न्या. आणि दिवा घेतलात तर मँटल दोन जास्तीच्या घ्या, पहिली हमखास फुटते.