जुनं आठ एचपीचं आउटबोर्ड, आठ महिन्यांनंतर: कॉइल बदलण्याआधी चोकची झडप बघा

नवी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) ३,८०० रुपये, प्लगची जोडी ४२०, सर्व्हिसिंग १,५००. डिसेंबरातली ही पावती मी अजून जपून ठेवली आहे. इंजिनाचं खरं दुखणं आणि या पावतीतली एकही ओळ यांचा काडीचा संबंध नव्हता, हे कळायला मला पुढचा सव्वा महिना आणि उजव्या तळव्यावरची कातडी द्यावी लागली. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची सोळा फुटी फायबरची होडी मालवणजवळच्या देवबागला, कर्ली खाडीत असते. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. आमचं दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचं. सप्टेंबरात ४२,००० रुपयांना जुनं घेतलं. विकणारे दाजी सकाळी अकराला किनाऱ्यावर आले, एक हिसका दिला आणि इंजिन सुरू झालं. मी खूश. तेव्हा मी सिलिंडरच्या डोक्याला हात लावून बघायला हवं होतं. उन्हात उभं असलेलं किंवा तासाभरापूर्वी चाललेलं इंजिन कुणाच्याही हाताने सुरू होतं. जुनं आउटबोर्ड घेणार असाल तर पहाटे जा, ते गार असताना दोरी स्वतः ओढा, आणि मगच पैशाचं बोला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच-सहा हिसके लागायचे. जुनं आहे, चालायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं. डिसेंबरात पहाटेचा गारवा सुरू झाला आणि आकडा पंचवीस-तीसवर गेला. एकदा का सुरू झालं की मग दिवसभर एका हिसक्यात. नेमकी हीच गोष्ट मी मेकॅनिकला सांगितली होती. त्याने दुकानात पाण्याच्या पिंपात इंजिन लावलं, दुपारी, आणि कॉइल गेली म्हणाला. नवी कॉइल घालून दोन हिसक्यांत सुरू करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत अठ्ठावीस हिसके. मी परत गेलो तर म्हणे आता सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला लागेल, ११,००० रुपये. तिथून मी पावती घेऊन निघालो तो परत त्या दुकानात गेलो नाही. गरम असताना जी ठिणगी बिनतक्रार पडते तिच्यावर पहिला संशय का घ्यायचा, याचं उत्तर मला त्याच्याकडून हवं होतं, ते मिळालं नाही.

जानेवारीत मात्र जिवावर बेतलं होतं. पहाटे जाळं सोडलं, इंजिन बंद केलं आणि दीड तास थांबलो. तेवढ्यात ते पुरतं गार झालं. जाळं ओढून घेतलं आणि दोरी ओढायला लागलो तर काही केल्या सुरू होईना. सुकती (ओहोटी) लागली होती. देवबागच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते तिथे सुकतीचं पाणी कसं खेचतं आणि बाहेरून येणारी लाट तिथे कशी फुटते, ते आमच्याकडच्यांना माहीत आहे. दहा हिसके झाल्यावर किनाऱ्यावरचा माड बघितला, तो केवढा तरी मागे गेला होता. दोरी सोडली आणि आधी नांगर टाकला. बरोबर धाकटा भाऊ होता, तो वल्हं घेऊन बसला. चाळिसाव्या हिसक्याला इंजिन लागलं तेव्हा दोरीच्या मुठीला रक्त होतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण नांगर आणि वल्हं नसेल तर होडी सोडू नका.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मी पद्धतशीर सुरुवात केली. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करायच्या बटणाची) दोरी जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. मग पाइपातला रबरी बल्ब बाणाचं टोक वर धरून दाबला. आडवा धरून दाबला तर त्याच्या आतले वॉल्व्ह नीट बसत नाहीत. दगडासारखा कडक झाला, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत, जिथे पेट्रोल हवेत मिसळतं तिथपर्यंत, पेट्रोल पोचलं. चोक, म्हणजे गार इंजिनासाठी कार्बोरेटरची हवा अडवणारी झडप, ओढला, दहा हिसके दिले आणि प्लग काढले. दोन्ही कोरडे! बोट लावलं तर तेलाचा ओलावासुद्धा नाही. हे मी इतके दिवस बघितलंच नव्हतं. ओला प्लग असेल तर ठिणगीकडे बघायचं, कोरडा असेल तर पेट्रोलकडे. ओळखीच्या मोटरसायकल गॅरेजातून गेज आणून कॉम्प्रेशन, म्हणजे दोन्ही सिलिंडरमधला दाब, तोही मोजला, ११० आणि १०६. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही, म्हणजे तिथेही दुखणं नाही.

शेजारचे आबा बाजूला जाळं सांधत बसले होते. पन्नास वर्षं दर्यावर काढलेला माणूस. सुई खाली न ठेवता म्हणाले, "अरे झिला, चोक लागताच नाय तुझो. तोंडार हात धर त्येच्या."

कव्हर काढलं, पुढची हवेची पेटी काढली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर डावा तळवा दाबून धरला. भावाने दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला तळवा आत खेचल्यासारखा झाला आणि थंडगार पेट्रोलचा ओला गोल त्यावर उमटला. दुसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू! (हात लगेच काढायचा, आणि वरच्या फिरत्या चाकापासून बाही लांब ठेवायची.)

मग आत वाकून बघितलं. चोकचं बटण पूर्ण बाहेर ओढलेलं, आणि आतली झडप पाव भाग उघडी. बटणापासून झडपेपर्यंत जी बारीक दांडी असते ती कुणीतरी कधीतरी बदलून तिथे तांब्याची तार घातली होती. तांबं मऊ, ओढून ओढून मधे बाक आलेला. बटण पुरतं ओढलं तरी निम्मी ओढ तो बाक सरळ होण्यात जायची आणि झडपेपर्यंत पोचायचीच नाही. सायकलच्या दुकानातून स्टीलचा एक स्पोक आणला, पाच रुपये. मापात कापला, दोन्ही टोकांना आकडे केले. आता बटण ओढलं की झडप टक्क आवाज करून बसते. त्या पहाटेपासून गार इंजिन तीन हिसक्यांत लागतं.

एवढ्याशा फटीने एवढं का अडावं? हाताने दोरी ओढताना इंजिन फिरतं ते अगदी हळू. तेवढ्याने कार्बोरेटरातून पेट्रोल उचललं जाण्याइतकी ओढ तयार होत नाही, आणि जे थोडं येतं त्याची गार धातूवर वाफ होत नाही, ते भिंतीला चिकटून राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तर मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमधून जातं आणि मग वर येतं, म्हणजे पहिले दोन-तीन हिसके ती जागा ओली करण्यातच जातात. चोकची झडप पूर्ण मिटलेली असेल तरच ही सगळी भरपाई होते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. म्हणून दाजींबद्दल मी जे मनात धरलं होतं ते सोडून दिलं. पूर्वीच्या कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर, दिवसा उजेडी फेऱ्या मारणाऱ्या माणसाला ही पाव झडपेची फट कधी जाणवलीही नसेल.

फेब्रुवारीत कुणी विचारलं असतं तर मी चोकशिवाय दुसरं काही सांगितलंच नसतं. मार्चमध्ये थोडं बदलावं लागलं. हिसके तीनाचे नऊ झाले, आणि या वेळी बल्ब कडकच होईना. पाइप इंजिनाला जोडतो त्या कनेक्टरमधली ओ-रिंग फुगून तिचा आकार गेला होता, आणि पाइप आतून चिकट झाला होता. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. पाइप, बल्ब आणि ओ-रिंग मिळून ६५० रुपये, आणि हा खर्च मला मुळीच सलला नाही. जुनं इंजिन घेतल्या दिवशीच हे तिन्ही बदलून टाका. पण क्रम माझ्या लेखी तोच आहे: आधी झडप, मग बल्ब, मग कार्बोरेटरचा बारीक जेट, आणि खिशात पैसे उरले तर शेवटी कॉइल.

पेट्रोलात ऑइल मी ५० ला १ याच मापाने घालतो, दहा लिटरला २०० मिली. जास्त घातलं तर इंजिन जपलं जातं असं आमच्याकडे बरेच जण मानतात, आणि मग सकाळी प्लग काळे-ओले निघतात. ऑइल आउटबोर्डचंच, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं नको. किनाऱ्याला आलो की कनेक्टर काढून कार्बोरेटरातलं पेट्रोल मंद चालीवर संपू देतो, त्यामुळे आत काही साचून चिकट होत नाही. कनेक्टर लावूनच होडी उन्हात ठेवली तर टाकीत दाब वाढून इंजिनात जादा पेट्रोल उतरतं आणि ते फ्लड होतं. तसं झालं तर चोकचं बटण आत ढकलून, म्हणजे झडप पूर्ण उघडी ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून ओढायचं.

एकूण हे इंजिन आवडलं का? हो, मनापासून. डिसेंबरात मी दोघा मित्रांना हे मॉडेल घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यांना परत फोन करून मत मागे घेतलं. पेट्रोल जरा जास्त पितं, धूरही आहे, पण यातलं काहीही मला पान्यांच्या एका सेटने उघडता येतं.

१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. या वेळी टाकीत थेंबही ठेवणार नाही. गोड्या पाण्यात वीस मिनिटं चालवायचं, प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं, दोरी दोनदा हळू ओढायची आणि खळ्याच्या पडवीत उभं टांगायचं. स्पोकचा उरलेला तुकडा टेपने कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे.