गोळ्यांचा डबा टेबलावरच होता

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. केअरशील्ड लाइफ म्हणजे दीर्घकाळ परावलंबी झालेल्यांना दरमहा पैसे देणारी इथली सरकारी विमा योजना; तिच्या वर खासगी कंपनीचं सप्लिमेंट, म्हणजे जादा रकमेची पॉलिसी, ज्यांनी घेतलंय किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांनी वेळ काढून शेवटपर्यंत वाचा. आमच्या घरात जे झालं ते आता उलटवता येत नाही. तुमच्याकडे अजून वेळ असेल.

माझ्या मिस्टरांचा जन्म 1973 चा. आम्ही इथे 2001 मध्ये आलो आणि काही वर्षांनी पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालो. हे चाळीशीला पोचल्यावर एल्डरशील्ड या केअरशील्डच्या आधीच्या योजनेत आपोआप घेतले गेले. महिन्याला 400 डॉलर, तेही जास्तीत जास्त 72 महिने, अशी ती योजना. डिसेंबर 2021 मध्ये पत्र आलं की तुम्हाला आता केअरशील्ड लाइफमध्ये घेतलं आहे. यात माणूस गंभीररीत्या परावलंबी आहे तोवर, हयातभर, दरमहा पैसे मिळतात. 2020 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम 600 डॉलर होती आणि पुढची पाच वर्षं ती दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढत गेली. पत्र वाचलं, फाइलला लावलं आणि विसरून गेलो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतल्या ओळखीतून एक एजंट घरी आला. मराठीच मुलगा, पस्तिशीच्या आतबाहेरचा. पहिल्या भेटीतच ह्यांना दादा आणि मला वहिनी म्हणायला लागला. परदेशात आपल्या भाषेतून कुणी वहिनी म्हटलं की माणूस घरचा वाटायला लागतो. मलाही तसंच वाटलं.

त्याने मांडलेलं गणित खरं होतं, हे मी आजही म्हणते. तो म्हणाला, ‘‘दादा, सहाशे-सव्वासहाशे डॉलरमध्ये घरात ठेवलेल्या मेडचा पगार तरी निघेल का? वर तिच्यासाठी सरकारला भरायची लेव्ही, डायपर, फिजिओथेरपी, आणि वहिनींना नोकरी सोडावी लागली तर?’’ मग त्याने टॅबवर महिन्याला 1500 डॉलर जादा देणारी पॉलिसी दाखवली. सरकारी योजनेत रोजच्या सहा कामांपैकी तीन जमेनाशी झाली तरच पैसे मिळतात. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, शौचाचं आटोपणं, घरातल्या घरात चालणं आणि पलंगावरून खुर्चीवर किंवा खुर्चीवरून पलंगावर येणं, ही ती सहा कामं. खासगी सप्लिमेंटमध्ये याहून कमी कामं अडली तरी पैसे सुरू होतात, हेही त्याने सांगितलं आणि तेही खरंच आहे. गरज खरी आणि वस्तूही घेण्यासारखी, त्यामुळे कुठे शंका आलीच नाही.

मात्र खऱ्याच्या आडून बरंच खोटं आलं. ‘‘हात मोडला, दोन महिने अंघोळ घालावी लागली, तरी क्लेम बसतो,’’ असं तो म्हणाला. पुढे पॉलिसी वाचली तेव्हा कळलं की काम ‘जमत नाही’ म्हणजे दुसऱ्या माणसाच्या शारीरिक मदतीशिवाय ते होतच नाही. काठी किंवा वॉकर घेऊन चालता येत असेल तर तुम्हाला चालता येतं असंच धरतात. ‘‘खिशाला चाट नाही, सगळं मेडिसेव्हमधून जातं,’’ असंही म्हणाला. मेडिसेव्ह म्हणजे पगारातून कापलं जाणारं, आजारपणाच्या खर्चासाठीचं सक्तीचं बचत खातं. प्रत्यक्षात सप्लिमेंटसाठी त्यातून एका व्यक्तीमागे वर्षाला 600 डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते. त्यावरची रक्कम आमच्या बँक खात्यातून गेली, आणि ती जाते आहे हे मला स्टेटमेंट बघून समजलं. तेव्हाच मी जागी व्हायला हवं होतं.

आता ती संध्याकाळ सांगते. फॉर्म भरायला तो शनिवारी आला. जेवणाच्या टेबलावर त्याने टॅब ठेवला. टॅबच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ह्यांच्या गोळ्यांचा डबा होता, सोमवार ते रविवार अशा सात खणांचा. ह्यांना 2015 पासून डायबेटिस आहे. मेटफॉर्मिनची गोळी सुरू होती आणि पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दर काही महिन्यांनी तपासणी व्हायची. ह्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘‘मला शुगर आहे बरं का.’’ त्याने डब्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, ‘‘गोळीवर कंट्रोलमध्ये आहे ना? मग तो आजार धरत नाहीत. उगाच ‘होय’ लिहिलं तर दहा कागद मागतात आणि तीन महिने लावतात.’’

आणि अंगठ्याने भराभर स्क्रीन वर सरकवत त्यानेच खुणा केल्या. नाही, नाही, नाही. प्रश्न काय आहेत हे त्याने वाचून दाखवलं नाही. टॅब ह्यांच्यापुढे फिरवला तो सहीच्या चौकोनावर. ह्यांनी बोटाने सही केली. मी चहा आणायला आत गेले होते आणि परत आले तेव्हा तो टॅब पिशवीत घालत होता.

आठवड्याभरात पॉलिसी आली. आता पाठीशी काहीतरी आहे, असा आम्ही निःश्वास सोडला.

ऑगस्ट 2023 मध्ये, एका मंगळवारी पहाटे, ह्यांना स्ट्रोक आला. डावी बाजू गेली. हॉस्पिटल, मग कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये पुनर्वसन, आणि नोव्हेंबरमध्ये हे घरी आले ते व्हीलचेअरवर. अंघोळ, कपडे, शौच, पलंगावरून उतरणं, सगळ्याला दुसरा माणूस लागत होता. फक्त उजव्या हाताने जेवता येत होतं.

केअरशील्डचा अर्ज एजन्सी फॉर इंटिग्रेटेड केअर या सरकारी संस्थेकडे केला. आरोग्य मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीतले डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. घरभेटीची फी एरवी 250 डॉलर असते, पण पहिल्या तपासणीला ती भरावी लागत नाही. क्लेम मंजूर झाला आणि दरमहा 637 डॉलर सुरू झाले. डायबेटिसचा प्रश्नच आला नाही, कारण आमच्या वयाच्या लोकांना या योजनेत येताना अट एकच होती, की त्या वेळी माणूस गंभीररीत्या परावलंबी नसावा. शिवाय मेडिसेव्ह केअर या योजनेत आमच्याच मेडिसेव्ह खात्यातून महिन्याला 200 डॉलर रोख काढता आले. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, आणि ते लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण एजंट हीच योजना ‘नावापुरती’ म्हणत होता.

खासगी कंपनीकडेही त्याच सुमाराला कागद दिले. त्यांनी पॉलिक्लिनिकची सगळी जुनी नोंद मागवायला संमतिपत्र घेतलं. आम्ही लगेच सही केली, लपवायचं असं आमच्या मनात काहीच नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पत्र आलं. अर्जदाराला 2015 पासून डायबेटिस असूनही अर्जात तो सांगितलेला नाही, म्हणून पॉलिसी सुरुवातीपासून रद्द, भरलेला प्रीमियम परत. सोबत अर्जाची प्रत. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते प्रश्न वाचले. चौथ्या प्रश्नात डायबेटिस, रक्तदाब, स्ट्रोक, हृदयविकार ही नावं स्वच्छ लिहिलेली आणि पुढे ‘नाही’. खाली ह्यांची सही. आणि सहीच्या वर ठळक अक्षरांत इशारा, की तुम्हाला माहीत असलेली सर्व माहिती पूर्ण आणि प्रामाणिकपणे द्या, नाहीतर पॉलिसीतून कदाचित काहीच मिळणार नाही.

637 आणि 200 मिळून 837 डॉलर हाताशी होते. त्यात 1500 ची भर पडेल या हिशेबाने आम्ही मेड ठेवली होती आणि मी नोकरी अर्धवेळ केली होती.

एजंटला फोन केला. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘‘वहिनी, बघतो.’’ दुसऱ्या आठवड्यात, ‘‘मी आता त्या कंपनीत नाही.’’ मग मेसेजला फक्त एक टिक दिसायला लागली. कंपनीने त्याला विचारलं तेव्हा त्याने लेखी दिलं की प्रश्न वाचून दाखवले होते आणि उत्तरं ग्राहकाने स्वतः दिली. त्याचा कागद आणि आमची सही यांच्यासमोर आमचं तोंडचं सांगणं टिकलं नाही.

कंपनीचं अंतिम उत्तर आल्यावर आम्ही फिड्रेककडे गेलो, म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारं केंद्र. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत तिथे जावं लागतं, हे लक्षात ठेवा. वकील लागत नाही, चालतही नाही. आधी मध्यस्थी होते आणि नाही जमलं तर निवाडा. निवाडा आपण मान्य केला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. नाही पटला तर कोर्टाची वाट मोकळी राहते. मध्यस्थ बाई फार समजूतदार होत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘‘तो असं म्हणाला याचा मेसेज, ईमेल, काहीतरी आहे का?’’ नव्हतं. सगळं टेबलावर बसून बोललेलं. हे व्हीलचेअरवर माझ्या शेजारी होते आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, की पुरे. आम्ही निवाड्यापर्यंत गेलो नाही. आज वाटतं जायला हवं होतं, पण तेव्हा अंगात त्राण नव्हतं.

मला खूप जणांनी म्हटलं, सही करण्याआधी वाचायचं होतं. बरोबर आहे. पण ज्याला डायबेटिस सांगितला, ज्याने गोळ्या डोळ्यांनी बघितल्या, त्याने ‘नाही’ लिहिणं याला मी फसवणूकच म्हणणार. त्याचं कमिशन पॉलिसी निघाली तरच मिळणार होतं. क्लेम नाकारला गेला तेव्हा त्याचं काहीच गेलं नाही. खरं लिहिलं असतं तर कंपनीने कदाचित पॉलिसी नाकारली असती. मग आम्ही त्या पैशांची वेगळी पुंजी केली असती, मेड ठेवण्याआधी दहादा विचार केला असता. आपल्याला संरक्षण नाही हे तरी माहीत असतं. आम्ही दीड वर्ष एका रिकाम्या कागदाच्या भरवशावर निर्धास्त झोपलो.

ज्यांनी आधीच सप्लिमेंट घेतलंय त्यांना माझी विनंती आहे, की पॉलिसीसोबत आलेल्या कागदांत भरलेल्या अर्जाची प्रत शोधा. नसेल तर कंपनीकडे मागा. आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः वाचा. चुकीचं काही दिसलं तर आजच, धडधाकट असतानाच, कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी बदलेल, कदाचित रद्द होईल, पण ते आत्ता कळेल, स्ट्रोकनंतर नाही. एजंटला विचारलंत तर तो ‘‘कशाला उकरून काढता’’ म्हणेल. त्याला विचारू नका, थेट कंपनीला लिहा.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी एजंटचं नाव आधी मॉनेटरी ऑथॉरिटी ऑफ सिंगापूर, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, हिच्या प्रतिनिधींच्या यादीत बघा. ती सगळ्यांना खुली आहे आणि तो कुठल्या कंपनीचा म्हणून नोंदलेला आहे ते तिथे दिसतं. यादीत नाव असलं म्हणजे माणूस खरं बोलतो असं नाही, आमच्यावाल्याचं नाव होतंच. म्हणून तो बोलून गेला की त्याच रात्री त्याला मेसेज करा, ‘‘तुम्ही आज असं असं म्हणालात, बरोबर ना?’’ आणि आजाराचा उल्लेख त्यात नक्की करा. एवढा एक मेसेज आमच्याकडे असता तर त्या बाईंसमोर मला मान खाली घालावी लागली नसती. आणि टॅब स्वतःच्या हातात घ्या. ओळखीचा आहे, आपला आहे, वाईट वाटेल, हे मनात आलं तरी घ्या.

गेल्या वर्षी मी माझ्यासाठी सप्लिमेंट घेतलं. खूप उलटसुलट विचार केला, कारण त्या शब्दाचीच चीड आली होती. पण ह्यांना उचलून बसवताना रोज कळतं की उद्या माझ्यावर ही वेळ आली तर मला उचलणारं घरात कुणी नाही, आणि 600-700 डॉलरमध्ये ते भागत नाही. या वेळी दुसरी सल्लागार होती. मला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. तिला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावला आणि उत्तरं मी माझ्या बोटाने भरली. तासभर लागला. हे समोर बसून ऐकत होते. कंपनीने डॉक्टरांचा रिपोर्ट मागवला, पाच आठवडे घेतले आणि मग पॉलिसी दिली.

अर्जाच्या प्रतीवर ‘रक्तदाब’ या शब्दापुढे ‘होय’ आहे. ती प्रत मी ह्यांच्याच फाइलमध्ये, फेब्रुवारीच्या त्या पत्राच्या मागे लावून ठेवली आहे.